घोंगडीखालचा दिवा

"सुटल्या बिचाऱ्या," असं फोनवर ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्या सगळ्यांना मी "हो, सुटल्या" एवढंच उत्तर दिलं. दुसरं काही बोलायचं त्राणच नव्हतं. विजूताई, माझी मोठी नणंद, दिवाळी होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच एका सकाळी गेल्या. मी उशाशीच बसले होते, तरी मला कळलं नाही. ओठ ओले करावेत म्हणून चमचा लावला, पाणी हनुवटीवरून खाली उतरलं, ते पदराने टिपलं, आणि मग समजलं. आमचे हे बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. मी दारात जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेपरची नीट घडी केली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि आत आले. बहिणीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत किती वेळ तसेच बसून राहिले... मग मी फोन घेऊन बसले. अमरावतीच्या शाळेतल्या बाई, तारे पाहणारी त्यांची मंडळी, अकोल्याचे नातेवाईक. दुपारपर्यंत कान तापला होता.

माणूस गेल्यावर रडू येतं म्हणतात. मला आधी थकवाच आला. भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग माणसं येऊन घेऊन गेली, त्या जागेवरची फरशी पुसताना मी तिथेच भिंतीला टेकून बसले ते जेवणाची वेळ टळेपर्यंत. त्यांच्या आजारपणात माझी झोप तुकड्यातुकड्यांत झाली होती. आता झोपायला मोकळी रात्र आहे तर डोळा लागत नाही, आणि दिवसा भाजी चिरता चिरता पेंग येते. निखिल, माझा मुलगा, पुण्याहून रोज फोन करतो आणि म्हणतो, "आई, आता तू आराम कर." आराम कसा करतात हे माझ्या वयाच्या बाईला कोणी शिकवलेलं नसतं, हे त्याला काय सांगायचं?

विजूताई अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न आधी जमलं नाही, आणि पुढे जमू लागलं तेव्हा त्यांनीच जमू दिलं नाही. सासरे गेल्यावर शेतीची वाटणी झाली, तेव्हा ताईंच्या वाट्याला दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला तुकडा आला. त्या भागात जमीन काळीभोर, पण खाली पाणी खारट. विहीर खोदली तर मिठाचं पाणी लागतं, त्यामुळे ओलीत नाही, ओलीत नाही म्हणून पंपाच्या मोटारी नाहीत, आणि मोटारी नाहीत म्हणून विजेचे खांबही तिकडे फिरकले नव्हते. कोणालाच नको होतं ते वावर. "बहिणीच्या गळ्यात मारलं," असं गावात बोललं गेलं, आणि आमच्या ह्यांना ते लागलंही. पण ताई खुशीत होत्या. चहूकडे सपाट, झाड नाही की डोंगर नाही, आणि मैलोगणती एक दिवा नाही. "बाबू, तुले माहीत नाई तू मले काय देऊन राहिला," असं त्या ह्यांना म्हणाल्या होत्या. ह्यांना वाटलं, बहीण टोमणा मारते आहे.

तेव्हापासून पावसाळा सोडून जवळजवळ दर अमावस्येला त्या अमरावतीहून अकोल्याला आमच्या घरी यायच्या आणि तिथून वावरात जायच्या. चंद्र नसतो म्हणून अमावस्या. पण अमावस्या म्हणजे आमच्याकडे अवस. अवसेला बैल जुंपत नाहीत, सोयरीक बोलत नाहीत, आणि बाईमाणसाने तर दिवस मावळल्यावर उंबरठा ओलांडायचाच नाही. माझ्या सासूबाई हयात होत्या तोवर दर महिन्याला घरात हा तमाशा व्हायचा. शेवटी त्या थकल्या आणि म्हणाल्या, "जाच हाय तं एकली नको जाऊ. सुनंदाले घेऊन जात जा." अशी मी सोबतीण झाले. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि ताऱ्यांचं मला काही कौतुकही नव्हतं. पण खरं सांगायचं तर पहिल्याच खेपेला मला ते वावर आवडलं, कारण तिथे मला कोणी चहा मागितला नाही. ताडपत्रीवर सतरंजी टाकली, अंगावर गोधडी घेतली आणि मी झोपले. पुढची कित्येक वर्षं मी तेच केलं. ताई आणि त्यांच्या मंडळातली दोन-चार माणसं दुर्बीण लावून आभाळ पाहायची आणि मी बाजूला घोरायची. ताई सगळ्यांना सांगायच्या, "माझ्या वहिनीइतकी शांत निरीक्षक महाराष्ट्रात नाही."

त्यांची शिस्त मात्र कडक. वावरात पोचल्यावर निदान अर्धा तास कोणी काडी ओढायची नाही, मोबाइल उघडायचा नाही, गाडीचं दार उघडून आतला दिवा लावायचा नाही. अंधारात डोळे हळूहळू तयार होतात. त्याला त्या 'डोळे मुरवणं' म्हणायच्या, लोणचं मुरवतात तसं. मध्येच कोणी उजेड केला की, "झालं! घातलं पाणी बरणीत!" असं ओरडायच्या. अगदीच लागली तर बॅटरी असायची, पण तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधलेला, कारण लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत. आता अवसेची रात्र, उघडं वावर, हलणारे लाल दिवे, गोधडीत गुंडाळून आणलेली लांब नळी आणि अनोळखी माणसं... गावाने काय समजायचं? गावाने जे समजायचं तेच समजलं. गुप्तधन काढणारी टोळी.

एकदा माणसांचा घोळका काठ्या घेऊन आला. मी नेहमीप्रमाणे झोपेत होते. "कोन हाय तिकडं? काय खोदून राहिले?" या आरोळीने जागी झाले. ताई अंधारात उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर. "खोदत नाई बावा, वर पाहून राहिलो," त्या म्हणाल्या. "वर? वर काय हाय?" असं कोणीतरी विचारलं. त्यांनी आमच्या पिशव्या तपासल्या. नारळ-लिंबू निघालं नाही, पोळी-भाजी निघाली. तरी समाधान होईना. घोळक्यात पुढे होते ते गजाननभाऊ, शेजारच्या वावराचे मालक, तेव्हा तरणे आणि तापट. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "तुमच्यात पायाळू कोन हाय?" पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं असा आमच्याकडे पक्का समज, म्हणून असल्या कामाला पायाळू माणूस आणतात. आता योगायोग असा की मी पायाळू आहे. आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. "मी," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग तं झालंच!" गजाननभाऊ ओरडले. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनंदा, तू झोप." मग त्यांनी दुर्बीण शनीवर लावली आणि गजाननभाऊंना दंडाला धरून तिच्यापाशी उभं केलं. "या, पाहा तुमचं गुप्तधन." त्यांनी एक डोळा लावला. काढला, चोळला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "हे तं चिटकवलं हाय." नळीच्या पुढे गेले, तिच्या तोंडावर पंजा धरला, काळजीने मागोमाग आलेल्या आपल्या बायकोला बघायला लावलं, "हाय का?" ती म्हणाली, "गेला." पंजा काढला. "हाय का?" "आला." असं दोन-तीनदा झाल्यावर ते म्हणाले, "हात धरला तं जाते. म्हंजे खराच हाय." त्या रात्री सगळा घोळका रांगेत उभा राहिला. पुढे गजाननभाऊ दर मोसमाला ताईंसाठी तुरीच्या शेंगा, ज्वारीचा हुरडा बांधावर आणून ठेवायचे. कोणी नवखा विचारू लागला तर सांगायचे, "थे बाई पागल नाई. मास्तरीन हाय."

ताईंची एक परीक्षा ठरलेली असे. देवयानी नावाचा तारकासमूह आहे, त्यात नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एक धुरकट ठिपका. पाटीवर खडूने काढून बोटाने पुसावा तसा. तो तारा नाही, दुसरी आकाशगंगाच आहे, आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतली सगळ्यांत लांबची म्हणे. मला त्याचं काही अप्रूप वाटलं नाही, हे ताईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्यासाठी तो मोजमाप होता. दुर्बीण लावायच्या आधी त्या नुसत्या डोळ्यांनी तो शोधायच्या आणि सापडला की म्हणायच्या, "आहे. अजून डोळे ठीक आहेत आणि वावरही ठीक आहे." इकडे अकोल्याचा उजेड वाढत गेला, तिकडे हायवेचा, मूर्तिजापूरकडचं आभाळ रात्रीही पिवळं दिसू लागलं. ठिपका शोधायला ताईंना दरवर्षी जास्त वेळ लागायचा. मंडळातली माणसंही पांगली, कोणी मुलांकडे गेलं, कोणाचे गुडघे गेले. शेवटी आम्ही दोघीच जायचो, भाड्याच्या गाडीने. एक नणंद, एक भावजय, आणि गाडीत घोरणारा ड्रायव्हर.

यंदा पावसाळ्यात त्यांचं पोट दुखू लागलं. अमरावती झालं, नागपूर झालं. भादव्यात डॉक्टर निखिलला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या, त्यांना जे आवडतं ते करू द्या." आम्ही त्यांना अकोल्याला आणलं. पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. औषधांची वेळ, कूस बदलणं, चादरी, पेज... त्या शुद्धीवर होत्या, म्हणून लाजायच्या, आणि त्या लाजल्या की मला राग यायचा. "तुमचं लाजणं संपलं की मला हाक मारा," असंही मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. हसल्यावर दुखायचं, म्हणून तेही मला नको वाटायचं. एकदा रात्री पाठ चोळताना त्या म्हणाल्या, "सुनंदा, एकदा तो ठिपका पाहून यायचं आहे. नुसत्या डोळ्यांनी. मग मी तुला त्रास देणार नाही." मी म्हटलं, "त्रास तुम्ही देणारच. पण जाऊ."

डॉक्टरांनी सांगितलेलं निखिलने मनावर घेतलं होतं. आत्याला आभाळ आवडतं, तर आभाळ दाखवायचं. त्याने रजा टाकली, ह्यांच्याशी फोनवर सगळं ठरवलं, आणि मला कळलं ते गादी गाडीत चढल्यावर. दिवस कोणता निवडावा? कोजागिरी! मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, आज पौर्णिमा आहे." हे म्हणाले, "मंग? कोजागिरीले नाई तं कवा पाह्यतेत आभाय?" बापलेकांचे चेहरे इतके उजळले होते, आणि ताई खुर्चीत निघायला तयार होऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, म्हणजे, राहू दे. गल्लीत मुली भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, त्यांच्यामधून आमची गाडी निघाली.

वावरात पोचलो तेव्हा चंद्र परातीएवढा वर आला होता. इतकं चांदणं की कापसाचं एकेक बोंड मोजावं. निखिलने खाट मांडली, शेगडीवर केशर-बदामाचं दूध आटवलं. ताईंनी वर पाहिलं. वर चंद्र होता, त्याच्याभोवती पांढुरकं, धुतल्यासारखं आभाळ, आणि देवयानी असते तिथे काहीही नव्हतं. "छान उजेड आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी निखिल समोर बसून राहिला म्हणून त्यांनी पेलाभर दूध संपवलं. हे खूश होते, आयुष्यात पहिल्यांदा बहिणीसोबत तिच्या वावरात बसले होते. मला कोणाचाच राग येईना, आणि रडूही येईना. परतताना गाडीत ताईंनी माझं मनगट धरलं. "अमावस्या कधी आहे गं?" त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. कोजागिरीनंतरची अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन.

पंधरा दिवस घरात तो एकच विषय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घराचं दार उघडं ठेवायचं, देवापाशी दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, घरच्यांनी घरात असायचं. त्या रात्री आजारी माणसाला घेऊन अवसेचं वावरात जायचं? हे एकदम नाही म्हणाले. मी एकदा बोलले, दोनदा बोलले. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात बोलले तेव्हा त्यांनी हातातला तांब्या ओट्यावर आपटला. "लोकं काय म्हन्तीन थे सोड. पन ताईले तिकडं काही झालं तं? अवसेच्या राती, उघड्या वावरात? मी माह्या बहिनीले तसं मरू देनार नाई." आणि हे रडू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तांब्या उचलून जागेवर ठेवला. पलीकडच्या खोलीतून बारीक आवाज आला, "बाबू, इकडं ये." हे गेले. मी दाराशी थांबले. ताई म्हणाल्या, "मी मरायले नाई जाऊन राहिली. पाह्यले जाऊन राहिली." हे पलंगाच्या कडेवर टेकले. बहिणीच्या हाताची नस उगाचच चाचपत राहिले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी विषय काढला नाही. झालं तेवढं पुरे, असं मला वाटलं होतं. दिवस बुडता बुडता पूजा मांडली, लाह्या-बत्तासे ठेवले, केरसुणीला हळद-कुंकू वाहिलं. ह्यांनी आरती अर्धीमुर्धी म्हटली, तबक माझ्या हाती दिलं आणि आत जाऊन गादी उचलली. "निखिल, तू दिव्यापाशी बस," ते म्हणाले. "तेल कमी पडू देऊ नको, अन् दार लावू नको. गाडी मी चालवतो." मी तशीच, पूजेच्या साडीत, ताईंच्या उशा गोळा करायला धावले.

अकोल्यात धुराने रस्ता दिसत नव्हता. पुढे गावागावांत भिंतींवर पणत्यांच्या ओळी, दारात आकाशकंदील. मग गावं विरळ झाली आणि काळोख लागला, तेव्हा ताई उशीवरून जरा वर सरकल्या. वावराच्या वळणावर आलो आणि हे म्हणाले, "हे काय?" शेजारच्या वावरात, उंच बांबूवर, पांढराफेक सोलरचा दिवा. त्याचा उजेड थेट आमच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत. दिवा कोजागिरीलाही असणार, पण त्या चांदण्यात कोणाच्या लक्षातच आला नव्हता. ताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवून डोळे मिटले. मला मात्र त्या क्षणी सगळ्याचाच वीट आला, दिव्याचा, दिवाळीचा, त्या लांबच्या ठिपक्याचाही.

हे उतरून चालत तिकडे गेले. रात्र शांत असल्याने सगळं ऐकू येत होतं. गजाननभाऊ आणि त्यांची बायको शांताबाई वावरातच होते. त्यांनी यंदा शेततळं केलं होतं, त्यावर सोलरचा पंप बसवला होता, आणि त्या पंपाची पूजा करत होते. दिवा रानडुकरांसाठी होता. ह्यांनी सांगितलं, बहीण आजारी आहे, थोडा वेळ दिवा बंद करता का? मग शांताबाईंचा आवाज, "आज? लक्ष्मीच्या राती दिवा मालवत नाई वो कोनी, भाऊसाहेब." आणि आमचे हे, ज्यांनी पंधरा दिवस आमच्याशी याच रात्रीवरून भांडण मांडलं होतं, ते म्हणाले, "मालूम हाय मले. मी बी घरी दिवा ठेवूनच आलो." हात जोडलेले असावेत, कारण गजाननभाऊ म्हणाले, "हात काहून जोडता?"

मग ते स्वतः गाडीपाशी आले आणि ताईंच्या बाजूचं दार उघडलं. आतला दिवा लागला. त्या उजेडात ताई किती लहान झाल्या होत्या ते मलाही नव्याने दिसलं. गजाननभाऊ "ताई..." एवढंच बोलले. ताईंनी डोळे उघडले. "गजाननभाऊ, डुकरं फार झाली का?" "लय झाले ताई. परवा अर्धी तूर लोळवली." "मग राहू द्या दिवा," ताई म्हणाल्या. "पीक महत्त्वाचं." त्या मनापासून म्हणाल्या, आणि ते मला फार लागलं. गजाननभाऊंनी घाईने दार ढकललं. "हे लाइट बंद करा पयले," ते मला म्हणाले, "ताईचे डोये मुराचे हायेत ना." मग तिकडे वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "शांते, घोंगडं आन. मालवत नाई मी. झाकतो. अंदर तं चालूच राह्यते ना दिवा." बैलगाडी बांबूखाली लोटून ते तिच्यावर चढले, आणि त्यांनी तो दिवा काळ्या घोंगडीत असा गुंडाळला जसं थंडीत तान्ह्या लेकराला गुंडाळतात. उजेड गेला. मग ती दोघं रिकामे डबे घेऊन आपल्या धुऱ्यावर जाऊन बसली. मधूनमधून डबा वाजायचा, डुकरांना कळावं म्हणून.

ह्यांनी ताईंना उचलून खाटेवर ठेवलं आणि त्यांच्या पाठीमागे बसून त्यांना आपल्या छातीशी टेकवलं. आम्ही डोळे मुरू दिले. हळूहळू आभाळ भरत गेलं. मी एरवी या वेळेला झोपलेली असायची, म्हणून मला हे भरणं कधी ठाऊकच नव्हतं. ताई अगदी हळू बोलत होत्या, एकेका शब्दावर थांबत. "बाबू, ती शर्मिष्ठा... वर, उत्तरेला, पाच ताऱ्यांची, वाकडीतिकडी. तिच्या टोकापासून इकडं ये." "आलो," हे म्हणाले. "आता काय दिसते?" ताईंनी विचारलं. "काहीच नाई." "सरळ नको पाहू. त्याच्या जरा बाजूले पाह्य." फिकी वस्तू सरळ पाहिली की दिसत नाही, जराशी बाजूला नजर ठेवली की उमटते, हे त्या मंडळातल्या प्रत्येक नवख्याला शिकवायच्या. भावाला शिकवायचं राहिलं होतं. हे बराच वेळ मान वाकडी करून बसले. पलीकडे डबा वाजला. "हाय," हे एकदम म्हणाले. "हाय, ताई! पुसल्यावानी हाय काहीतरी." "तेच," ताई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते. आम्ही तसेच बसलो, त्यांना थंडी वाजू लागेपर्यंत.

परतीच्या वाटेवर मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे पुढे गाडी चालवत होते. मी वाकून हळूच विचारलं, "ताई, दिसलं ना तुम्हाला?" त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, "बाबूला दिसलं ना." मी ह्यांना हे अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही ते ठरत नाही.

परवा पुन्हा अमावस्या झाली. दुपारी मी डाळ निवडत होते, डोळे मिटत होते, आणि फोन वाजला. गजाननभाऊ. "वहिनी, आज अवस हाय. ताई कशी हाय? येऊन राहिले काय तुमी? दिवा झाकू काय?" दिवाळीनंतरच्या त्या दिवशी मी इतके फोन केले, पण यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. माझ्या हातून ताट कलंडलं, डाळ सांडली. "गजाननभाऊ, ताई गेल्या," मी म्हटलं. इतक्या दिवसांत हे वाक्य मी कितीतरी वेळा बोलले होते, पण पहिल्यांदाच माझा आवाज फुटला, आणि मी फोन कानाला लावून मोठ्याने रडले. ते तिकडे थांबून राहिले. मी रडायची थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "कवा?" मी सांगितलं. "मले सांगतलं नाई तुमी." "राहून गेलं हो." मी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता ते फोन ठेवतील.

"मंग तुमी या," ते म्हणाले. "मी झाकून ठेवतो."

मी म्हटलं, "अहो, पण आता कोणासाठी... तुमची तूर..." "तुरीचं आमी पाहू," ते म्हणाले आणि उत्तराची वाट पाहत राहिले. मला उठवत नव्हतं. डाळ फरशीवर पसरली होती. मी वर पाहिलं तर हे दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. गजाननभाऊंचा मोठा आवाज फोनबाहेर येत होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सांग त्याईले," हे म्हणाले, "अंधार पडला का निघतो."